आई पुण्यात का रमत नाही, आणि मावशी ठेवली तर काय बिघडलं?

प्रश्न : आमचं मूळ गाव लोहारा तालुक्यात. मी चाकणला कंपनीत आहे, धाकटा भाऊ हडपसरला. वडील ७४ वर्षांचे, आई ६८ वर्षांची. दोघांनी गावाकडं एकटं राहू नये म्हणून गेल्या वर्षी त्यांना पुण्याला आणलं. ठरल्याप्रमाणे ते तीन महिने माझ्याकडं आणि तीन महिने भावाकडं असतात. तेव्हापासून वडील सारखं ‘मला गावाकडं नेऊन सोड’ म्हणतात. आईला दिवे लागायच्या वेळेला काही सुचत नाही, ‘घरी जायचं, म्हशीची धार राहिली’ म्हणत दाराशी जाऊन उभी राहते. दोनदा पडलीही. बायको नोकरी सोडायला निघाली आहे. आईसाठी दिवसाची एक मावशी ठेवावी असं आम्ही म्हटलं, तर गावाकडच्या आत्या रागावल्या, ‘पोटची पोरं असून आईला परक्याच्या हाती देता का?’ सगळे म्हणतात, म्हाताऱ्या माणसाला पुण्याची हवा मानवत नाही. हे खरं आहे का? आणि आम्ही चुकतोय का?

उत्तर : तुमच्या एका पत्रात तीन शंका आहेत. म्हाताऱ्या माणसाचं जागा बदलल्यावर असं का होतं, ही पहिली. आळीपाळीनं सांभाळणं बरोबर आहे का, ही दुसरी. पगारी माणसाच्या हाती आई सोपवणं म्हणजे तिला टाकणं का, ही तिसरी. बहुतेक घरांत या तिन्हींवर एकदमच भांडण होतं आणि म्हणून एकाचंही उत्तर सापडत नाही. आपण एकेक घेऊ.

हवेवरचा आरोप आधी काढून टाकू. उन्हाळ्यात लोहारा-उमरग्याकडचं ऊन चाकणपेक्षा काही सौम्य नसतं. ज्यांनी सगळी हयात त्या उन्हात काढली त्यांना पुण्याची हवा जड जायचं कारण नाही. तरी लोकांचं निरीक्षण खोटं नाही, गावाहून शहरात आणलेली म्हातारी माणसं वर्षभरात खंगतात हे अनेकांनी पाहिलेलं असतं. लोक कारण मात्र चुकीच्या जागी शोधतात.

तुमच्या आईनं घर बदलण्याची ही पहिली वेळ नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली कितीतरी गावं पुढं नव्या जागी वसवली गेली. जाड दगडी भिंतींची, माळवदाची घरं गेली आणि आखीव रस्त्यांवर पुनर्वसनाची घरं आली. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, त्यावरच्यांना ४००, मोठ्या जमीनदारांना ७५० असा तो हिशेब होता. तुमचं गाव त्या पट्ट्यातलं असेल तर आईनं छत्तिसाव्या वर्षी हे सगळं सोसून नवा संसार मांडला. मग आता चांगल्या फ्लॅटमध्ये तिला का जमत नाही?

फरक दोन गोष्टींत आहे. तेव्हा गाव उठलं ते सगळं मिळून उठलं. गल्ल्या विस्कटल्या, भावकी इकडची तिकडं झाली, तरी पाण्याच्या टाकीवर भेटणाऱ्या बायका त्याच होत्या, मारुती तोच होता, शेत तर जागचं हललंच नव्हतं. आता ती एकटी उठून आली आहे. दुसरा फरक वयाचा. छत्तिशीत मेंदू नवी वाट पटकन पाठ करतो, अडुसष्टीत त्याला वेळ लागतो, आणि विस्मरणाचा आजार सुरू झालेला असेल तर नवी वाट पाठच होत नाही.

यातली शेवटची गोष्ट फार घरांच्या लक्षात येत नाही. गावाकडच्या घरात माणूस डोळे मिटून चालतो. चूल कुठं, कंदील कुठं, रात्री उठल्यावर किती पावलांवर न्हाणी, हे पायांना ठाऊक असतं, डोक्याला विचारावं लागत नाही. त्यामुळे स्मरणशक्ती दोन-तीन वर्षांपासून उतरत असली तरी ते झाकून जातं. जागा बदलली की सवयीचा आधार निघतो आणि आत होतं ते उघडं पडतं. घरच्यांना वाटतं, पुण्याला आणल्यामुळे झालं. प्रत्यक्षात ते आधीपासून होतं, पुण्यात दिसलं.

संध्याकाळीच का? स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत ही ओळखीची गोष्ट आहे. दिवसभरात मेंदू थकलेला असतो, उजेड कमी होतो, सावल्या लांबतात, मोतीबिंदू असेल तर समोरचं आणखी अंधुक होतं. त्यात हाच वेळ गावाकडं कामाचा असतो, गुरं परतण्याचा, धारेचा, दिवाबत्तीचा. शरीरानं पन्नास वर्षं त्या वेळेला हालचाल केलेली असते. म्हणून आई दाराशी जाते. ‘म्हैस विकून चार वर्षं झाली’ हे तिला समजावून सांगण्यात अर्थ नाही, त्यानं ती चिडेल किंवा घाबरेल. पाच वाजताच घरातले सगळे दिवे लावा, तिच्या हाती काम द्या, भाजी निवडायला, वाती वळायला, आणि म्हशीबद्दलच विचारा. दूध किती द्यायची, वासरू कोणतं होतं. दार तिच्या डोक्यातून बहुधा निघून जाईल.

पण हे सगळं करण्याआधी तिला डॉक्टरांना दाखवा. ‘वय झालं की असं होणारच’ हा यातला सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज आहे. वय झालं म्हणजे भ्रम होणारच असं नाही. तपासताना एक प्रश्न महत्त्वाचा, हे कित्येक महिन्यांत हळूहळू आलं की दोन-चार दिवसांत अचानक? अचानक आलेला भ्रम बहुतेक वेळा शरीरातल्या दुसऱ्या बिघाडाची खूण असतो. लघवीतला जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, कित्येक दिवसांचा बद्धकोष्ठ, नव्यानं सुरू झालेली एखादी झोपेची किंवा सर्दीची गोळी. फ्लॅटमध्ये संडासला वारंवार जायला लागू नये म्हणून बऱ्याच आज्या पाणीच कमी पितात आणि तिथून सुरुवात होते. मूळ कारणावर उपचार झाले की असा भ्रम पुष्कळदा उतरतो. हळूहळू आलेल्या विस्मरणातही थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासायलाच हवं, त्यांच्या कमतरतेनं येणारं विस्मरण औषधानं सुधारू शकतं. माळकरी, पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं तर नेहमीचंच. कान आणि डोळेही तपासा. ज्याला अर्धं ऐकू येतं तो अर्धवटच उत्तर देतो, आणि लोक त्याला भ्रमिष्ट ठरवतात. ‘बाहेरचं आहे’ म्हणून कुणी अंगारा-धुपारा सुचवला तर वेळ वाया घालवू नका.

आई दोनदा पडली, त्याचंही कारण साखळीसारखं मागं जातं. गावात ती दिवसभरात सहज दोन-तीन किलोमीटर चालत असणार, शेतावर, देवळात, शेजारी. फ्लॅटमध्ये हॉलपासून बाल्कनीपर्यंत. लिफ्टची भीती, खाली ओळखीचं कुणी नाही, सोसायटीच्या गेटबाहेर गाड्या. चालणं थांबलं की या वयात मांड्यांचे स्नायू काही आठवड्यांतच उतरतात. पाय लटपटले की तोल जातो. एकदा पडलं की पडण्याची भीती बसते आणि माणूस आणखीच बसून राहतो. वर फरशी गुळगुळीत, न्हाणीघरात साबणाचं पाणी. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडी बसवा, पायपुसणी उचला, रात्री बारीक दिवा चालू ठेवा, आणि रोज सकाळ-संध्याकाळ कुणीतरी तिला हाताला धरून खाली फिरवून आणा. औषधांइतकंच हे महत्त्वाचं आहे.

वडिलांचं दुखणं वेगळं आहे. ७४ वर्षांचा माणूस म्हणजे १९७२ च्या दुष्काळात विशी ओलांडलेला माणूस. त्या पिढीनं मराठवाड्यात खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली, सुकडी खाऊन दिवस काढले. बिनकामाचं बसून राहणं त्यांना कधी शिकवलंच गेलं नाही. पुण्याच्या घरात त्यांना जेवण वेळेवर मिळतं, टीव्ही मिळतो, पण त्यांना कुणी काही विचारत नाही. गावात कुणाची सोयरीक, कुणाचा बांध, कुणाची विहीर, प्रत्येक गोष्टीत त्यांचा शब्द होता. इथं सोसायटीच्या वॉचमनलाही त्यांचं नाव ठाऊक नाही. ‘गावाकडं सोड’ याचा अर्थ तुमच्या घरी त्रास होतो असा घेऊ नका. वडिलांची ही मागणी हट्ट म्हणून धुडकावण्यासारखी नाही, तिचा विचार पुढं करू.

आता पाळीकडं येऊ. ‘आई थोरल्याकडं इतके महिने, धाकट्याकडं इतके’ ही आपल्याकडची जुनी तोड आहे. जमिनीची वाटणी झाली तशी आईबापांचीही करायची, म्हणजे कुणावर अन्याय नको. भावांमधल्या न्यायासाठी ही पद्धत ठीक आहे, आईसाठी मात्र फार वाईट. दर तीन महिन्यांनी तिची खोली बदलते, संडासची दिशा बदलते, डॉक्टर बदलतो. एकानं बंद केलेली रक्तदाबाची गोळी दुसऱ्याकडं पुन्हा सुरू होते, कारण कागद पहिल्या घरी राहिलेले असतात. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला तर प्रत्येक पाळी म्हणजे नवा भूकंप. माझं स्पष्ट मत आहे, आईनं घरोघर फिरण्यापेक्षा मुलांनी तिच्याकडं फिरावं. आईचं एक घर ठरवा. दुसऱ्या भावानं शनिवार-रविवार तिथं येऊन पूर्ण ताबा घ्यावा, खर्चाचा ठरलेला वाटा द्यावा, आणि वर्षातून काही आठवडे मुक्कामाला राहून वहिनीला मोकळं करावं. सगळ्या औषधांची आणि तपासण्यांची एकच फाइल असावी, ती आईबरोबर राहील.

यात तुम्हाला बहीण असेल तर तिचं नाव पत्रात नाही, हे मला खटकलं. ‘लेकीच्या घरी राहू नये, तिथलं पाणी पिऊ नये’ हा रिवाज आपल्याकडं अजून बऱ्याच म्हाताऱ्या माणसांच्या मनात आहे. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्यात मात्र मुलगा आणि मुलगी दोघांची जबाबदारी सारखी धरली आहे, सज्ञान नातू आणि नातही त्यात येतात. सून त्या व्याख्येत नाही. आणि प्रत्यक्षात पाहा, आईला न्हाऊ कोण घालतं? सून. जिच्यावर कायद्यानं जबाबदारी नाही तीच नोकरी सोडायला निघाली आहे.

म्हणून तिसरी शंका. ‘पोटची पोरं असून परक्याच्या हाती’ असं आत्या म्हणतात, तेव्हा ‘पोरं’ शब्दाखाली त्यांच्या डोळ्यांपुढं पोरांच्या बायका असतात. त्यांना दोष देत नाही, त्यांच्या पिढीनं तेच पाहिलं. पण ‘पूर्वी सगळं घरातच व्हायचं’ हे वाक्य तपासून घेतलं पाहिजे. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं, आता ते सत्तरच्या घरात आहे. ऐंशी गाठणारी आजी तेव्हाही एखाद्या घरात असे, पण पक्षाघात होऊन अंथरुणावर सहा-सात वर्षं जगणारी माणसं थोडी असत. आजार जडला की माणूस फार दिवस राहत नसे. जी काही सेवा लागे ती वाड्यातल्या चार-पाच बायका वाटून घेत. आज तीच सेवा किती तरी जास्त वर्षं लागते आणि करणारी घरात एकच असते, तीही दहा-बारा तास बाहेर राबून आलेली.

सेवेला वेळ लागतो आणि वेळेला किंमत असते, हे शहरात लपून राहतं. आपल्याच धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यात ते उघड दिसतं. कळंब, वाशी, भूम, परंड्याकडची आणि शेजारच्या बीडमधली ऊसतोडीला जाणारी कुटुंबं बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतली की दिवाळीच्या आगेमागे टोळी निघते ती मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. घरी सासू अंथरुणावर असेल आणि सुनेला मागं राहावं लागलं तर तो अर्धा कोयता होतो. उचलही त्याच हिशेबानं घटते. म्हाताऱ्या माणसाच्या सेवेची किंमत इतकी रोखठोक दुसरीकडं कुठं मांडलेली मला माहीत नाही. म्हणून बहुतेक घरांत तशी सून मागं राहतच नाही. गावात सहा महिने म्हातारी माणसं राहतात आणि त्यांच्या पदरात शाळकरी नातवंडं. जिला स्वतःला आधार हवा ती आजी चार पोरांच्या भाकरी थापते. तिच्या मुलाचं प्रेम कमी आहे असं म्हणायची कुणाची हिंमत आहे का? तो उचल फेडतोय. तुमची बायको नोकरी सोडते आहे तेही अर्धा कोयता करणंच आहे. सोडायची की नाही हे तिनं ठरवावं, पण ‘पुण्यकर्म’ म्हणून तो खर्च हिशेबातून गाळू नये.

आता मावशी. पुण्यात ब्यूरोमार्फत किंवा ओळखीनं बायका मिळतात, कुणी बारा तासांच्या, कुणी चोवीस तास राहणाऱ्या. सगळ्या सारख्या नसतात. आंघोळ, कपडे, भरवणं, फिरवणं यासाठी नर्स लागत नाही, हळुवार हाताची, शिकवलेली बाई पुरते. नाकातून नळी, लघवीची पिशवी, जखमेचं ड्रेसिंग असेल तर मात्र नर्सिंगचं शिक्षण घेतलेली व्यक्तीच हवी. तुमच्या आईला आज पहिल्या प्रकारची पुरेल. तिला विचारून बघा, अंथरुणावरच्या माणसाला कुशी किती वेळानं बदलायची? ‘दोन-दोन तासांनी’ असं उत्तर आलं तर तिला अनुभव आहे, त्यानंच पाठीला जखमा होत नाहीत. भरवताना माणसाला उठवून ताठ बसवायचं की पडल्या पडल्या भरवायचं? पडल्या पडल्या भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. हे ज्ञान प्रेमातून आपोआप येत नाही, ते शिकावं लागतं. मायेनं भरवणाऱ्या लेकालाही ते शिकावं लागतं.

मावशी आली म्हणून घरच्यांचं काम संपत नाही, बदलतं. तिच्या हाती आंघोळ आणि फिरवणं. तुमच्या हाती डॉक्टर, पैसे, निर्णय, आणि रोज अर्धा तास आईजवळ बसणं. दिवसभर सेवा करून दमलेली सून संध्याकाळी सासूवर खेकसते, हे कितीतरी घरांचं सत्य आहे. तेच काम वाटून गेलं तर बोलायला जीव उरतो. पहिले पंधरा दिवस घरचं कुणीतरी बरोबर राहा, म्हणजे आईला बाईची आणि बाईला आईची सवय होईल. ओळखपत्र घ्या, पोलिसांकडं नोंद करा, दागिने आवरून ठेवा, एवढी काळजी पुरे. सतत संशयानं वागलात तर चांगली बाई टिकणार नाही.

एक अवघड गोष्टही बोललीच पाहिजे. ‘कुणाच्या हातचं चालेल’ हा प्रश्न अशा वेळी घरात हळू आवाजात निघतो आणि त्याचा अर्थ जात हा असतो. ब्यूरोला फोन करून ‘आमच्यातली’ बाई मागणारी घरं आहेत. जी बाई तुमच्या आईचं मलमूत्र काढणार तिच्या हातचं पाणी नको, याहून लाजिरवाणी मागणी नाही. ती बाई पुष्कळदा आपल्यासारख्याच एखाद्या खेड्यातून आलेली असते, तिची सासू किंवा आई गावाकडं कुणाच्या तरी भरवशावर असते. तिला घरातलं ताटात वाढलेलं जेवण द्या, दुपारी पाठ टेकायला जागा द्या, आठवड्याची सुट्टी पगारासकट द्या. त्या सुट्टीच्या दिवशी भाऊ येईल.

तुम्ही वृद्धाश्रमाचं विचारलं नाही, पण आत्यांच्या रागामागं तीच भीती आहे, आज मावशी, उद्या आश्रम. आपल्याकडं वृद्धाश्रम म्हटलं की पोरांनी घराबाहेर काढलेले आईबाप आठवतात. या बाबतीत सगळे ‘नटसम्राट’चा दाखला देतात. शिरवाडकरांचं ते नाटक १९७० साली रंगभूमीवर आलं. ते नीट आठवून पाहा. आप्पा बेलवलकर सगळी मिळकत मुलांच्या नावे करून बसतात, आणि मग अपमान होतो तो मुलाच्या घरात आणि लेकीच्या घरात. आश्रमात नव्हे. घर म्हणजे माया आणि संस्था म्हणजे परकेपणा, ही विभागणी इतकी सरळ नाही. काही आश्रम वाईट आहेत हेही तितकंच खरं, दाटीवाटीचे, दार बंद ठेवणारे, कुटुंबाला वेळी-अवेळी येऊ न देणारे. जिथं न सांगता भेटायला जाता येत नाही तिथं कुणाला ठेवू नये. पण ज्यांना मुलंच नाहीत, किंवा ज्यांचा आजार घरच्यांच्या ताकदीबाहेर गेला, त्यांच्यासाठी चांगली संस्था ही गरज आहे, कलंक नाही. म्हणूनच २००७ च्या कायद्यानं राज्यांना सांगितलं, दर जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान दीडशे जणांची सोय असलेला एक तरी वृद्धाश्रम असावा.

तुमच्या आईला आज आश्रमाची गरज दिसत नाही. एवढं आत्यांना नक्की सांगा.

आप्पांचा विषय निघालाच आहे तर जमिनीबद्दल सांगतो. आईवडील शहरात आले की ‘आता सातबारा पोरांच्या नावावर करून टाका’ असा सल्ला गावात लगेच मिळतो. वडिलांना सांगा, घाई करू नका. बक्षीसपत्र करायचंच असेल तर ‘हयातभर सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द त्यात लिहून घ्या. अट असूनही सांभाळ झाला नाही तर कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूनं लावला. सांभाळासाठी दाद उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे आपल्या बोलीतल्या ‘प्रांतां’च्या अध्यक्षतेखालच्या न्यायाधिकरणाकडं मागायची, निर्वाहभत्ता महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार रुपये. म्हातारं माणूस जिथं राहतं किंवा शेवटचं राहत होतं तिथं, अथवा मुलं राहतात तिथं, कुठंही अर्ज करता येतो. गावाकडच्या बापाला त्यासाठी पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. तुमच्या घरात याची वेळ येणार नाही असं पत्रावरून वाटतं, पण तुमच्या गावात कुणालातरी याची गरज असेल.

सवलतींबद्दलही दोन गैरसमज सर्रास असतात. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. वडिलांचं कार्ड काढून घ्या, ते पुण्यातही चालतं. पण ते रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. मावशीचा पगार त्यातून निघत नाही, तो घरालाच काढावा लागतो. दुसरं, श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार रुपये पासष्टीपुढच्या, पण वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आतल्या किंवा दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांतल्या लोकांनाच मिळतात, सरसकट सगळ्यांना नाही. ते मिळत असतील तर हयातीचा दाखला चुकवू नका.

आता वडिलांच्या मागणीकडं. त्यांची तब्येत ठीक असेल तर त्यांना गावाकडं जाऊ द्या. कायमचं नव्हे, पेरणीला, सुगीला, यात्रेला, दोन-दोन महिने. ते बरे असताना त्यांना फिरवलं तर चालतं, जो त्रास आईला होतो तो त्यांना होणार नाही. राज्याच्या हद्दीत एसटीचं ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आहे, ७५ पूर्ण झाले की ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. जायच्या आधी गावात एक माणूस ठरवा, जो रोज सकाळी त्यांच्या दाराशी जाऊन येईल, आणि त्याला त्याचे पैसे द्या. नातेवाईक असला तरी द्या. फुकटच्या भरवशावर ठेवलेला माणूस दुसऱ्या महिन्यात यायचा थांबतो. दुखलं-खुपलं तर कुठं न्यायचं हेही आधीच ठरवून ठेवा. भूकंपानंतर उभं राहिलेलं सास्तूरचं स्पर्श ग्रामीण रुग्णालय तुमच्या भागातच आहे.

यावरून मला जिल्ह्याबद्दल एक म्हणायचं आहे. तुळजापूर तालुक्यात अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं. साध्या आजारांवर गावातच उपचार देण्याचं काम त्यांनी करून दाखवलं. ज्या गावात हे होऊ शकतं तिथं म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्या शिकलेल्या बायकाही तयार होऊ शकतात. आज आपल्या मुली हेच काम करायला पुण्याला जातात आणि तिथल्या आज्यांना सांभाळतात. गावात त्याचं शिक्षण आणि ठरलेला पगार मिळाला तर त्या इथंच ते करतील, आणि कितीतरी आईवडिलांना गाव सोडावंच लागणार नाही. ग्रामसभेत हा विषय कुणीतरी काढावा, तुम्ही पैसे पाठवणारे पुण्यातले लोक काढलात तर जास्त ऐकलं जाईल.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, तुम्ही आईला पुण्याला आणण्यात चुकला नाहीत आणि मावशी ठेवण्यातही चुकत नाही. चुकलं ते तीन-तीन महिन्यांच्या पाळीत आणि इतके दिवस डॉक्टरांकडं न जाण्यात. या आठवड्यात आईची रक्त-लघवीची तपासणी करून घ्या, तिच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढं ठेवा, आणि बायकोला तोवर राजीनामा देऊ देऊ नका. कोणत्या योजनेत बसता किंवा कुठं अर्ज करायचा हे विचारायचं असेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते आणि मराठीत बोलता येतं.